जन्मतारखेने पुढे

"मॅडम, हे 'पुढे' म्हणजे नेमकं कुठं?"

मुजावर भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नियमांचा कागद माझ्यासमोर ठेवला. सातव्या कलमाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. रेघ पट्टी धरून मारलेली होती. एकोणतीस वर्षं हेडक्लार्क असलेला माणूस हाताने रेघ मारत नाही.

मी वाचलं. वाक्य माझंच होतं. 'निर्देशांक समान आल्यास जन्मतारखेने पुढे असलेल्या उमेदवारास प्राधान्य राहील.'

"का? काय झालं?"

"ऐंशीव्या जागेवर दोघी आल्यात. दोघींचा निर्देशांक एकसष्ट पूर्णांक सदतीस. मी तीनदा बघितलं. म्हटलं, आता सातवं कलम लावू. लावायला गेलो तर कळंना, कुठल्या बाजूनं लावायचं." त्यांनी दोन अर्ज शेजारी शेजारी मांडले. "माझा थोरला भाऊ शाळेत माझ्या तीन वर्षं पुढे होता. म्हणजे पुढे असतो तो थोरला. पण परीक्षा पुढे गेली म्हणतो आपण, तेव्हा ती नंतरच्या तारखेला जाते. मग जन्मतारखेनं पुढे कोण? थोरली का धाकटी?"

सकाळचे साडेनऊ झाले होते. बारा वाजता लॉ कॉलेजच्या प्रवेशाची यादी लावायची होती. खिडकीतून व्हरांड्यातलं बाक दिसत होतं आणि बाकावर दोघींपैकी एक बसलेली होती. आठ वाजल्यापासून.

मी त्या लॉ कॉलेजात शिकवत नव्हते. सोलापुरात त्याच संस्थेचं सायन्स कॉलेज होतं, तिथे मी संख्याशास्त्र शिकवत असे. १९९२ च्या उन्हाळ्यात लॉ कॉलेजचे नवे प्राचार्य, नाईकनवरे सर, आमच्या डिपार्टमेंटला आले आणि म्हणाले, "मला एक सूत्र पाहिजे. ज्याच्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही असं."

तोवर त्या कॉलेजात सूत्र वगैरे नव्हतं. वर्ग संध्याकाळी सहाला भरायचे. तलाठी, पोस्टातले कारकून, शाळामास्तर, गिरणीतले टाइमकीपर असे लोक सायकली लावून वर्गात यायचे आणि पहिला तास अर्ध्याहून अधिक जण पेंगत काढायचे. जुने प्राचार्य प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारायचे, "नोकरीला किती वर्षं झाली?" ज्याची जास्त, तो आत. मुजावर सांगायचे, साहेबांचं म्हणणंच होतं की मोठ्याला आधी घ्या, त्याच्याकडे वेळ कमी आहे.

मग अर्ज वाढले. ऐंशी जागांना अडीचशे अर्ज येऊ लागले, वशिल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. नाईकनवरे सरांनी वर्ग सकाळी आणले. त्यांना पदवीला चांगले गुण असलेली तरुण मुलं हवी होती. ते उघडपणे म्हणत, "पेंगणाऱ्यांचं कॉलेज म्हणून आपली ओळख झालीय. ती मला पुसायचीय." माणूस प्रामाणिक होता. त्यांनी कधी एकाही अर्जाची शिफारस माझ्याकडे केली नाही.

मी सूत्र केलं. पदवीचे गुण, बारावीचे गुण, दोन्हींना ठरावीक भार, त्यातून निर्देशांक. शिक्षणात जितक्या वर्षांचा खंड पडला तितके गुण वजा करा, असं सरांनी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. त्याला काही शास्त्रीय आधार नव्हता. त्यांनी ते ऐकलं. मग सूत्राभोवती मी सात कलमं लिहिली. प्रत्येक कलम चार-चार वेळा लिहून, शब्द कमी करत. संस्थेच्या बैठकीत ती वाचून दाखवली आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "यातल्या एकाही शब्दाला दोन अर्थ नाहीत."

संस्थेचे एक सभासद होते, बिराजदार आप्पा. चाळीस वर्षं दिवाणी वकिली केलेले. ते पानाला चुना लावता लावता थांबले. "मॅडम, शब्दांना दोन अर्थ नसते तर आम्ही वकील उपाशी मेलो असतो."

सगळे हसले. मीही हसले. पण मला ते लागलं होतं.

व्हरांड्यात बसलेल्या बाईंना मी आधी भेटले होते. अर्ज भरण्याच्या दिवसांत शंका विचारणाऱ्यांसाठी मी खिडकीशी बसत असे. तिथे तिसऱ्या दिवशी त्या आल्या. राजमणी बोद्दूल. वय तेहतीस. पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. विसाव्या वर्षापर्यंत आईबरोबर मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, मग विडी कामगार बायकांच्या युनियनच्या ऑफिसात लागल्या. बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाल्या होत्या आणि गुण चांगले होते.

"माझं वय बघून हसू नका हं मॅडम," अर्ज सरकवत त्या म्हणाल्या.

"हसेन कशाला? वकील व्हायचं कसं काय ठरवलंत?"

"कोर्टामुळं. कामगार कोर्टात आमच्या बायकांची साक्ष असती. त्यांना मराठी येत नाही, वकीलसाहेबांना तेलुगू येत नाही. मधी मी उभारते. बाई दहा वाक्यं सांगती. मी दहाच्या दहा मराठीत सांगते. वकीलसाहेब म्हणतात, थोडक्यात सांगा की हो. मग एक वाक्य लिहितात. ती बाई माझ्याकडं बघती मॅडम. तिला वाचता येत नाही, पण कळतंय की. लिहिताना हात लवकर थांबला, हे कळतंय."

"मग?"

"मग काय! हात माझा असला म्हणजे थांबणार नाही."

वर्ग आता सकाळी साडेसातला म्हणजे त्यांच्या सोयीचाच होता. साडेदहाला सुटून त्या अकराला ऑफिसात पोहोचल्या असत्या. त्यांनी नियमांचा कागद मागून घेतला आणि तिथेच उभं राहून सातही कलमं एकेक करून माझ्याकडून समजून घेतली. इतक्या काळजीने ते नियम कुणीच वाचले नव्हते. मला ते आवडलं होतं. रांगेत मागे कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, वकिली आत्ताच चालू केली का?" तेव्हा त्या वळून म्हणाल्या, "फी तुम्ही देणार काय?" आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

दुसरा अर्ज केतकी वळसंगकर हिचा. वय एकवीस. वडील बँकेत. ती मला फक्त फोटोपुरती माहीत होती. दोन वेण्या घातलेली, फोटोग्राफरने हसू नको म्हटल्यामुळे हसू दाबून धरलेली.

मुजावरांनी विचारलं ते मी ऐकलं आणि उत्तर देणार, तेवढ्यात नाईकनवरे सर आत आले. मागोमाग बिराजदार आप्पा; यादीवर संस्थेतर्फे त्यांची सही लागणार होती. मुजावरांनी दोघांना सगळं पुन्हा सांगितलं, थोरल्या भावासकट.

आप्पा खुर्चीत बसले आणि हातावर हात मारून हसले. "निघाले का दोन अर्थ! मॅडम, मी म्हटलं नव्हतं? सात ओळींत एक सापडला. चांगल्या वकिलाला आणखी तीन सापडतील."

"तिसरा दशांश काढून बघा," सर म्हणाले. "म्हणजे प्रश्नच मिटेल."

"नाही सर," मी म्हटलं. "परीक्षकानं एक गुण इकडे-तिकडे दिला की पहिला दशांशसुद्धा हलतो. तिसऱ्या दशांशाला काहीच अर्थ नाही. तो काढून कुणाला आत घेणं म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे."

हे बरोबर होतं. ते आकडे मी आजवर काढलेले नाहीत.

"दोघींना घेऊन टाका," मुजावर हळूच म्हणाले.

"ऐंशी म्हणजे ऐंशी. एक्याऐंशीवी विद्यापीठ नोंदवून घेणार नाही." सरांनी दोन्ही अर्ज उचलून पाहिले आणि खाली ठेवले. "मॅडम, माझी इच्छा काय असेल ते तुम्हाला माहीत आहे. मला पुढची चाळीस वर्षं वकिली करणारी मुलं हवीत. पण मी ती इच्छा यात आणणार नाही. नियम तुम्ही लिहिलेत. लिहिताना तुमच्या मनात जे होतं तोच अर्थ. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन."

"हां," आप्पा म्हणाले, "कायदा करणाऱ्याचा उद्देश काय होता ते बघायचं. सांगा मॅडम. आणि जे सांगाल ते पटवून द्या, म्हणजे झालं. नाहीतर उद्या जी बाहेर राहील तिचा बाप मला येऊन विचारणार."

तिघेही माझ्याकडे बघत होते. आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. मुजावरांची पट्टी घेतली. एक आडवी रेघ मारली, उजव्या टोकाला बाण काढला. डावीकडे एक टिंब देऊन खाली लिहिलं, ११ सप्टेंबर १९५८. उजवीकडे दुसरं टिंब, २३ फेब्रुवारी १९७१.

"काळ असा दाखवतात," मी म्हटलं. "बाणाच्या दिशेला पुढे म्हणतात, उलट दिशेला मागे. कलमात 'वयाने पुढे' म्हटलेलं नाही, 'जन्मतारखेने पुढे' म्हटलंय. पुढची तारीख म्हणजे नंतरची तारीख. यात दुसरा अर्थ निघत नाही."

आप्पांनी कागद स्वतःकडे फिरवला. बराच वेळ पाहिला. "रेघच मारली म्हटल्यावर काय बोलणार!" ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "पटलं. सायन्सवाल्यांशी वाद घालू नये."

"म्हणजे वळसंगकर," सर म्हणाले.

मुजावरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ऐंशीव्या आकड्यापुढे नाव लिहिलं. त्यांना मोत्यासारखं अक्षर होतं. राजमणीबाईंचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं. त्या वर्षी ऐंशीतल्या एकानेही प्रवेश सोडला नाही.

यादी बाराला पाच मिनिटं असताना लागली. गर्दी झाली, पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. मी मागच्या दाराने निघून जाऊ शकले असते. ते मला भित्रेपणाचं वाटलं म्हणून मी पुढच्या दाराने निघाले.

राजमणीबाई फलकापासून दूर, व्हरांड्याच्या खांबाजवळ उभ्या होत्या. मला पाहून पुढे आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. शंका विचारायला खिडकीशी आल्या होत्या तशाच आल्या.

"मॅडम, ऐंशी नंबरच्या मुलीचा आणि माझा आकडा एकच हाय की."

"हो. समान आला."

"मग सातवं कलम लावलं असंल."

"लावलं."

"ती माझ्यापेक्षा लहान हाय. भाऊसाहेब म्हणाले, एकवीस वर्षांची." त्या थांबल्या. मला वाट करून द्यावी तशा थांबल्या. "मॅडम, त्या दिवशी मी विचारलं होतं की तुम्हाला. पुढे म्हणजे कोण, म्हणून. तुम्ही म्हणालात, 'वयानं मोठी असेल ती. घाबरू नका, हे तुमच्या फायद्याचंच कलम आहे.' असं म्हणून हसलात तुम्ही."

मी तसंच म्हणाले होते. शब्द न् शब्द तोच. आणि लिहितानाही माझ्या मनात तेच होतं. पहिल्या खर्ड्यात मी 'वयाने मोठ्या' असंच लिहिलं होतं, जुन्या प्राचार्यांच्या रिवाजाप्रमाणे. मुजावरांकडून तो रिवाज मीच विचारून घेतला होता. चौथ्या वेळी लिहिताना 'वयाने मोठ्या' हे बोलीतलं वाटलं, नियमाला शोभेना, म्हणून 'जन्मतारखेने पुढे' केलं. तास-दोन तासांपूर्वी त्या टेबलाशी मला एवढंच सांगायचं होतं की माझा शब्द चुकला, मला मोठी म्हणायचं होतं. पण मोठीच्या बाजूने माझ्याकडे माझ्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि धाकटीच्या बाजूने रेघ मारून दाखवता येत होती. आप्पांच्या हसण्यासमोर मी सिद्ध करता येणारं उत्तर दिलं.

हे सगळं मी आज लिहिते आहे इतक्या सरळ तेव्हाही मला कळलेलं होतं. कळलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

माझ्या मागे ऑफिसच्या दारात सर आणि आप्पा उभे होते. आप्पा पान जमवत होते. राजमणीबाईंचा आवाज बारीक नव्हता.

"मी तसं म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "मराठी तुमची मातृभाषा नाही. असे बारीक फरक लक्षात येत नाहीत. होतं असं."

मागून आप्पांचा आवाज आला, "काय झालं मॅडम?"

"काही नाही आप्पा. यांना कलम समजलं नव्हतं."

राजमणीबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "असंल," त्या म्हणाल्या. "माझी मराठी काय, शिकून घेतलेलीच." मग आप्पांना नमस्कार केला, मला केला आणि पायऱ्या उतरून गेल्या. उन्हात छत्री उघडायला विसरल्या आणि फाटकाशी गेल्यावर त्यांनी ती उघडली.

नोव्हेंबरात पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी सुरू झाली आणि मला पुन्हा बोलावणं आलं. मुजावर जुने अर्ज बांधून ठेवत होते. दोरीची गाठ मारता मारता म्हणाले, "ती बोद्दूल बाई आठवते का मॅडम? युनियनची?"

"आठवते."

"कोर्टात यायची बंद झालीय म्हणं. माझा मेहुणा तिथं पट्टेवाला आहे, तो सांगत होता. बायका येतात, साक्षीला उभ्या राहतात, मधी सांगायला कुणी नाही. दोन वेळा तारीख पडली. वकीलसाहेबांनी निरोप धाडला तर हिनं कळवलं, माझी मराठी कच्ची आहे, माझ्या हातनं चूक झाली तर बायकांचं नुकसान होईल." त्यांनी गाठ आवळली. "कच्ची कुठली हो? माझ्यापेक्षा बरी बोलते."

ते माझ्याकडे न बघता बोलत होते. त्यांना किती माहीत होतं, हे मला कधीच कळलं नाही.

त्याच आठवड्यात नव्या नियमांचा मसुदा माझ्या हाती आला. नाईकनवरे सरांनी स्वतः लिहिला होता. प्रवेशासाठी वयाची मर्यादा तीस वर्षं. खाली कारण दिलं होतं: 'समान गुणवत्तेच्या उमेदवारांत कमी वयाच्या उमेदवारास प्राधान्य देण्याचे तत्त्व संस्थेने गेल्या वर्षीच स्वीकारले आहे (कलम ७).' मला मत विचारलं गेलं नाही. भाषा तपासायला सांगितलं होतं. मी एके ठिकाणी स्वल्पविराम घातला.

ती मर्यादा अकरा वर्षं टिकली. मग उठली. मग गुणांचीच किंमत गेली आणि प्रवेश परीक्षा आली. मग मुलाखत परत आली. गेल्या वर्षी रिक्षातून जाताना त्याच फाटकावर मोठा फलक दिसला: 'संध्याकाळचे वर्ग पुन्हा सुरू. नोकरीचा अनुभव असणाऱ्यांना प्राधान्य.' मी रिक्षा थांबवून तो दोनदा वाचला. वाक्यात काही संदिग्ध नव्हतं.

पण मी सांगत होते ते त्या हिवाळ्याचं. डिसेंबरात एका शनिवारी दुपारी मी युनियनच्या ऑफिसात गेले. एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, जिन्यात तंबाखूचा वास होता. राजमणीबाई टेबलाशी ओळखपत्रांवर फोटो चिकटवत होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली.

"बसा मॅडम. चहा सांगू?"

"नको. मी तुम्हाला सांगायला आले." मी पाठ करून गेले होते. "तुमची मराठी चांगली आहे. त्या दिवशी तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी तसंच म्हणाले होते."

त्या खाली बसल्या. डिंकाचे हात त्यांनी फडक्याला पुसले, एकेक बोट करून.

"ते मला माहीत हाय की हो मॅडम."

"मग कोर्टात का जात नाही?"

"मला माहीत हाय, पण तुम्ही चारचौघांत नाही म्हणालात ना! बिराजदार वकील होते तिथं. त्यांची कोर्टात ऊठबस. दुसऱ्या आठवड्यात मी साक्षीला मधी उभारले तर समोरचा वकील म्हणतो, या बाईंना स्वतःला मराठी समजत नाही, लॉ कॉलेजात विचारा. जज्जसाहेबांनी त्या बाईची साक्ष बाजूला ठेवली. साठ वर्षांची म्हातारी, सकाळपासून उपाशी आली होती." आवाज चढला नव्हता. "पुन्हा कुणाची साक्ष माझ्यामुळं जायला नको. म्हणून मीच म्हणते आता, कच्ची हाय."

मला हे माहीत नव्हतं. आप्पांनी गंमत म्हणून कुठेतरी सांगितलं असणार. त्यांच्या मनात वाईट काही नसणार.

"मी लिहून देते," मी म्हणाले.

त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढून दिला. मी लिहिलं. मी त्यांना कोणत्या दिवशी काय सांगितलं होतं. कलम लिहिताना माझ्या मनात कोणता अर्थ होता. यादी लावताना मी कोणता सांगितला. आणि त्यांच्या ऐकण्यात कोणतीही चूक नव्हती, हे मी त्या दिवशी जाणूनबुजून नाकारलं. खाली सही, हुद्दा, तारीख. एकदाच लिहिलं. एकही शब्द बदलावा लागला नाही.

राजमणीबाईंनी तो सावकाश वाचला. 'जाणूनबुजून' या शब्दावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग घडी घातली. मला वाटलं, त्या तो खणात ठेवतील. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"हे कुणाला द्यायचं?"

"प्राचार्यांना. पुढच्या वर्षी वयाची अट लागतेय. त्याआधी हे त्यांना मिळालं तर तुमच्यापुरता तरी विचार करावा लागेल त्यांना. आणि एक प्रत कोर्टात."

"मग तुम्हीच द्या की मॅडम."

"अहो, तुमच्याकडे असू दे. तुम्हाला उपयोगी..."

"मी दिलं तर म्हणतील, बाईनं लिहून घेतलं असंल. मॅडम भोळ्या हायत. पुन्हा माझंच सांगणं आणि पुन्हा दुसऱ्याच्या हातात." त्यांनी कागद माझ्या पर्सवर ठेवला. "सोमवारी देताव?"

"सोमवारी देते," मी म्हणाले.

सोमवारी पहिला तास संपवून मी लॉ कॉलेजला गेले. नाईकनवरे सर खुशीत होते. मला बघताच उभे राहिले.

"या, या मॅडम. तुम्हाला निरोपच धाडणार होतो. ही बातमी वाचलीत का?" त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. पुण्याच्या कुठल्याशा अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत आमच्या कॉलेजला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तीन मुलांचा फोटो होता. मधली मुलगी दोन वेण्यांची होती, आणि या वेळी कुणी अडवलं नसावं, तोंडभर हसत होती. "वळसंगकर! आपली ऐंशी नंबरची. शेवटची जागा म्हणतात ती ही. तुमची ती रेघ मी सगळ्यांना सांगतो मॅडम. रेघ नसती तर ही मुलगी आज बाहेर असती."

मी बातमी वाचली. चांगली लिहिली होती. शेवटपर्यंत वाचली.

"हुशार आहे," मी म्हणाले.

"आहेच. पुढच्या वर्षी सगळी अशीच येतील. तीसची अट संस्थेनं काल मंजूर केली." सर बसले, घंटी वाजवून चहा सांगितला. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. माझा हात बराच वेळ पर्समध्ये होता. बोटांना कागदाची घडी लागत होती.

"काही द्यायचं होतं का मॅडम? काही शोधताय?"

"नाही सर," मी म्हणाले. "रुमाल."

आणि मी रुमाल काढला.